पिवळे कॅलिपर, लाल कॅलिपर

आटपाट नगर होतं. नगराचं नाव स्टुटगार्ट. १९६८ पासून हे मुंबईचं जुळं शहर म्हणून ओळखलं जातं, पण जुळेपणा शोधायला निघालात तर हाती फारसं काही लागणार नाही. नगराच्या उत्तरेला त्सुफेनहाउझेन नावाचा भाग आहे, तिथे पोर्शचा कारखाना. आणि त्या नगरात दोन मावसभाऊ राहत होते. दोघे सांगलीकडचे, दोघे पुण्याला इंजिनियरिंग करून आलेले, दोघे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत नोकरीला. आपण त्यांना थोरला आणि धाकटाच म्हणू.

दोघांना वेड एकच. दहा-बारा वर्षं पैसे साठवून २०२१ च्या शेवटी त्यांनी एकाच महिन्यात एकच गाडी मागवायचं ठरवलं: ७१८ केमन जीटी४. चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, ४२० अश्वशक्ती, आठ हजार आरपीएमपर्यंत ओरडत जाणारं. इंजिन माणसाच्या पाठीमागे, गाडीच्या पोटात. किंमत तेव्हा लाखभर युरोच्या आसपास सुरू व्हायची. ‘सुरू व्हायची’ हे शब्द महत्त्वाचे, कारण त्यानंतर ऑप्शनची यादी येते.

ही यादी ज्याने पाहिली नाही त्याला तिची कल्पना येणार नाही. एसीच्या जाळीच्या पट्ट्यांना चामडं मिळतं. डोक्यावरच्या सन व्हायझरला अल्कांतारा नावाचं मखमली कापड मिळतं. सीटबेल्ट लाल हवा की पिवळा ते विचारतात. शिवणीचा दोरा वेगळ्या रंगाचा, सीटच्या डोक्याशी कंपनीचं चिन्ह ठसवलेलं, किल्लीला गाडीच्याच रंगाचा मुलामा आणि तिला चामडी पाकीट. गाडीच्या पाठीवरचं नाव नको असेल तर तेही काढून मिळतं, आणि नशीब, त्याचे पैसे घेत नाहीत. हा सगळा रुखवताचा मामला आहे. मांडलेला पाहायला छान, पण संसाराला त्यातलं लागतं थोडंच. मात्र याच यादीत, याच अक्षरांत, चार-पाच ओळी अशा असतात की त्यांवर ट्रॅकवरचं सगळं अवलंबून असतं. त्या वेगळ्या छापलेल्या नसतात.

दोघांनाही गाडी ट्रॅकवरच चालवायची होती, निदान दोघे तसं म्हणत होते. जवळच, शे-सव्वाशे किलोमीटरवर, होकेनहाइमचा ट्रॅक. एक फेरी ४.५७४ किलोमीटरची. तिथून जवळच्याच एका गावात एका म्हाताऱ्याचं लहानसं गॅरेज होतं. ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांचे ब्रेक आणि सस्पेन्शन एवढंच काम तो करायचा. धाकटा यादी छापून घेऊन त्याच्याकडे गेला आणि थोरल्यालाही सोबत घेऊन गेला.

म्हाताऱ्याने चष्मा लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि किमतीच्या रकान्याला लागून एक उभी रेघ ओढली. म्हणजे आणखी एक रकाना तयार झाला. त्यात तो आकडे भरू लागला.

“हे काय?” थोरल्याने विचारलं.

“ही वस्तू झिजली किंवा फुटली, तर नवी किती पडेल ते.”

थोरला हसला. धाकट्याला मराठीत म्हणाला, “अरे, अजून गाडी यायची आहे आणि हा आतापासूनच मोडायची भाषा करतोय.”

“दादा, ऐकून तर घे.”

चामड्याच्या पट्ट्यांपुढे म्हाताऱ्याने नुसती आडवी रेघ मारली. खास रंगापुढे ‘खडी’ असं लिहिलं. पुढच्या गाडीचे तापलेले, चिकट टायर ट्रॅकवरची खडी उचलून मागच्या गाडीच्या नाकावर मारतात. साधा रंग पुन्हा मारून घेता येतो, पण खास रंगाची छटा जुळवताना नाकी नऊ येतात. कार्बनच्या बकेट सीटपुढे त्याने लिहिलं, ‘झिजत नाही’. क्लबस्पोर्ट पॅकेजपुढे काहीच लिहिलं नाही, बरोबरची खूण केली. त्यात चालकामागे बोल्टने बसवलेला रोल बार, चालकाला सहा टोकांचा पट्टा आणि आग विझवायचं नळकांडं येतं.

मग सिरॅमिक ब्रेकची ओळ आली. तिथे त्याने एक आकडा लिहिला आणि कागद फिरवून दोघांसमोर धरला.

या ब्रेकबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गोष्टीतलं सारं दुखणं तिथेच आहे. नेहमीची ब्रेक डिस्क बिडाची असते. सिरॅमिकची डिस्क कार्बनच्या तंतूंनी बांधलेली, वजनाला जवळपास निम्मी. चाकाशी फिरणारं वजन घटलं की सस्पेन्शन हलकं होतं, गाडी खड्ड्या-उंचवट्यांवर जास्त चिकटून राहते. गंजत नाही, चाकांवर काळी भुकटी फारशी बसत नाही, साध्या रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकते. २००१ च्या सुमारास पोर्शने ती ९११ जीटी२ वर दिली, तेव्हापासून तिचे पिवळे कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारे जबडे, हा एक मान झाला आहे. जीटी४ ला बिडाची डिस्क असेल तर कॅलिपर लाल, सिरॅमिक असेल तर पिवळे. पार्किंगमधून जाणाऱ्याला चाकाच्या आऱ्यांतून दिसतं की मालकाने पैसे मोजलेत की नाहीत.

पण ट्रॅकवर ही डिस्क वेगळ्या तऱ्हेने झिजते. बीड पातळ होत जातं, ते मोजपट्टीने कळतं. सिरॅमिकमधला कार्बन उष्णतेने जळत जातो. जाडी दिसायला तेवढीच राहते आणि डिस्क आतून हलकी होत जाते. म्हणून तिच्यावर किमान वजन कोरलेलं असतं. डिस्क काढायची, काट्यावर ठेवायची, त्या आकड्याच्या खाली गेली की टाकून द्यायची. आणि चार नव्या डिस्कना ऑर्डरच्या वेळी मोजलेल्या पैशांपेक्षा खूप जास्त पैसे पडतात. म्हाताऱ्याने लिहिलेला आकडा तोच होता.

“ब्रेक वाईट आहे का?” थोरल्याने विचारलं.

“उत्तम आहे. हा आकडा वाचूनही तुम्ही पाय पूर्ण दाबणार असाल तर जरूर घ्या.”

थोरल्याने घेतला. पुढे खास रंग, कार्बनची आतली सजावट, अठरा तऱ्हांनी हलणारी मऊ सीट, चांगला स्पीकर संच, पिवळी शिवण, चामड्याच्या पट्ट्या, रंगवलेली किल्ली. धाकट्याने लाल कॅलिपर ठेवले, बकेट सीट आणि क्लबस्पोर्ट घेतलं, रंग पांढरा. वाचलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकले: टायर, पॅड, ब्रेक ऑईल, ट्रॅकची फी, शिकवणारा.

२०२२ च्या वसंतात गाड्या आल्या. थोरल्याने त्सुफेनहाउझेनला जाऊन कारखान्यातूनच ताबा घेतला. फोटो सांगलीपर्यंत गेले. त्या फोटोंत धाकट्याची गाडी कुणाच्या लक्षातही आली नाही.

धाकट्याने पहिल्या आठवड्यात गाडी म्हाताऱ्याकडे नेली. म्हाताऱ्याने पुढच्या चाकांचा कॅम्बर वाढवला. चाकं वरून किंचित आत झुकवली, की वळणात टायरची बाहेरची कड एकटीच रगडली जात नाही. या गाडीत पुढच्या खालच्या आर्ममध्ये पातळ पत्र्याच्या शिम घालून हे करता येतं. मग ब्रेक ऑईल काढून जास्त उकळबिंदूचं भरलं. दिवसभराचं काम झालं. मला विचाराल तर त्या गाडीवर खर्च झालेल्या पैशांत सगळ्यात कारणी लागलेले पैसे हेच. कंपनीच्या यादीत यातली एकही गोष्ट नव्हती.

मग होकेनहाइम. तिथे पाराबोलिका नावाचा लांबलचक, हलका वळणारा पट्टा आहे. त्याच्या शेवटी श्पिट्झकेअर, म्हणजे जवळपास उलटं फिरवणारं वळण. ताशी दोनशेच्या पुष्कळ वर गेलेली गाडी तिथे साठ-सत्तरवर आणावी लागते. ब्रेकची खरी परीक्षा या एका जागी. शिकवणारा दोघांनाही एकच सांगायचा: उशिरा दाबा, जोरात दाबा, थोडा वेळ दाबा.

पहिल्या दिवशी थोरला बरा चालवत होता. दुपारी टायरवरचं वाळू-रबर पाहायला चाक काढायची वेळ आली. सिरॅमिक डिस्क असली की चाक तिरकं काढून चालत नाही. रिमची कड लागली तर डिस्कचा टवका उडतो. म्हणून बोल्टच्या भोकांत लांब पिना फिरवायच्या आणि चाक त्यांच्यावरून सरळ ओढायचं. मदतीला आलेल्या पोराने पिना न लावताच चाकाला हात घातला आणि थोरला जागच्या जागी किंचाळला. टवका उडाला नाही. पण तो किमान वजनाचा आकडा त्याच्या डोक्यात तेव्हा जो शिरला तो शिरलाच.

दुपारनंतर श्पिट्झकेअरला तो लवकर ब्रेक धरू लागला, हलका आणि लांबवर. स्वतः इंजिनियर, त्याला कळत होतं की यात बचत जवळजवळ नाही. वेग उतरवायचा तेवढा उतरवावाच लागतो, आणि हळूहळू उतरवला म्हणून उष्णता कुठे जात नाही, उलट जास्त वेळ मुरते. कळत होतं, पण पाय ऐकत नव्हता. पुढच्या वेळी पाऊस येईल म्हणून तो गेला नाही. त्यापुढच्या वेळी नाकावर खडीचे दोन डाग दिसले म्हणून नाही. हंगाम संपेपर्यंत गाडी रविवारी कॉफीला जाऊ लागली.

धाकट्याने त्याच हंगामात पॅड संपवले. पुढच्या डिस्कच्या भोकांभोवती बारीक चिरा पडल्या. डिस्कवरून नख फिरवलं की ते अडकायचं. म्हाताऱ्याने नख फिरवून पाहिलं, “बदला” म्हणाला, आणि धाकट्याने त्याच संध्याकाळी बदलल्या. पैसे वेगळ्या खात्यात होतेच, त्यामुळे रात्री झोपही लागली. लवकर वळण्याची त्याची खोड मोडायला शिकवणाऱ्याला वर्ष लागलं, पण मोडली.

इथवर गोष्ट धाकट्याच्या बाजूने चालली आहे. तर २०२३ च्या उन्हाळ्यात धाकट्याची आई सांगलीहून आली. मुलाने गाडी घेतली हे तिने वर्षभर शेजारीपाजारी सांगितलेलं. बकेट सीटच्या उंच कडेवरून गुडघे वळवून आत उतरायला तिला जमेना. कशीबशी बसली तर पाठ रेलेना, कारण त्या सीटची पाठ मागे झुकतच नाही. घरापासून बेकरीपर्यंत गेली आणि उतरताना दोघांनी धरून काढावं लागलं.

“हे काय रे,” ती म्हणाली, “एवढ्या पैशात बसायला जागा नाही दिली होय?”

मग थोरल्याने गाडी आणली. मऊ सीट मागे केली, खाली केली, मावशीला बसवलं आणि ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगररस्त्याने दिवसभर फिरवून आणलं. गाणी लावली. मावशीने एसीच्या चामड्याच्या पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “किती निगुतीनं केलंय.” त्या शिवणीची एवढी मनापासून तारीफ आजवर कुणी केली नव्हती.

परत येताना थोरला गप्प होता. रात्री जेवणं झाल्यावर धाकट्याला म्हणाला, “मला ही गाडी आज पहिल्यांदा आवडली.”

“मग चांगलंच की, दादा.”

“चांगलं कसलं? असंच फिरायचं होतं तर पिवळे ब्रेक कशाला घेतले मी? आणि ट्रॅकवर जायचं होतं तर ही सीट कशाला घेतली?”

धाकटा काही बोलला नाही. त्याच्या मनात आईला बेकरीशी उतरवतानाची फजिती होती. त्याने यादी भरताना शेजारच्या सीटवर कोण बसेल याचा विचार एका ओळीतही केला नव्हता, आणि म्हाताऱ्याच्या पेन्सिलीच्या रकान्यात तो आकडा बसणाराही नव्हता.

पुढच्या वर्षी थोरल्याने गाडी विकली. यात त्याचं नुकसान झालं असं कुणी समजू नये. कमी किलोमीटर, खास रंग, पिवळे कॅलिपर, सगळं नव्यासारखं. गाड्या जपून ठेवणाऱ्या एका गृहस्थाने चांगला भाव दिला. त्या पैशात थोरल्याने जुनी जीटी४ घेतली, लाल कॅलिपरची, नाकावर आधीपासून खडीचे डाग असलेली, आणि उरलेल्या पैशांचं वेगळं खातं काढलं. धाकट्याने ट्रॅकच्या गाडीत आपल्या बाजूची बकेट सीट ठेवली आणि शेजारच्या बाजूला साधी, पाठ झुकणारी सीट बसवून घेतली. ती कंपनीकडून सुरुवातीला घेतली असती तर स्वस्त पडली असती.

आता दोघांच्याही गाड्या त्याच म्हाताऱ्याकडे जातात, आणि वर्षअखेर पॅडचं बिल दोघांचं जवळपास सारखंच येतं.