अर्ध्या इंचाचा प्रश्न

आमच्या अंगणातला नळ गळतो याबद्दल घरात दुमत नव्हतं. दुमत होतं ते 'गळेना का!' या माझ्या भूमिकेबद्दल.

साताऱ्यातलं आमचं घर जुनं. तुळशीवृंदावनाशेजारी कमरेएवढ्या पाइपावर अर्धा इंची पितळी नळ. त्याला पाणी येतं ते गच्चीवरच्या टाकीतून. त्यामुळे गावाचं पाणी गेलं तरी आमचा नळ इमानेइतबारे गळत राहतो. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण ज्याने केली त्याच्या घरी नळ नसावा. आमच्याकडे थेंबे थेंबे शेवाळ साचलं आणि शेवाळाच्या पलीकडे अळू माजलं. सुपाएवढी पानं! शेजारच्या वहिनी आठवड्याला 'चार पानं नेते हं' म्हणून यायच्या आणि संध्याकाळी डब्यातून वड्या यायच्या. आता तुम्हीच सांगा, जिच्यातून वड्या निघतात तिला गळती म्हणायचं?

तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे मला पाप-पुण्याच्या प्रश्नालासुद्धा माप लागतं. मी नळाखाली बादली लावली. चोवीस तासांत पंधरा लिटर. वर्षाचे झाले ५,४७५. हा आकडा मी पानावर बसल्या बसल्या जाहीर केला तेव्हा आमटी वाढता वाढता हिने विचारलं, "म्हणजे प्लंबरला बोलावताय ना?" आकड्यांतलं सौंदर्य हिला दिसत नाही. प्लंबरला मी बोलावलेलंही होतं. तो 'उद्या येतो' म्हणाला होता आणि आपल्या शब्दावर अजून कायम होता.

"आणि हे पाणी वाया जातं असं म्हणतं कोण?" मी म्हटलं. "मुरतं, ओढ्याला लागतं, ओढ्यातून वेण्णेला. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते सांगलीला. म्हणजे माझ्या नळाचा थेंब तुझ्या माहेरी पोचतो."

"माझ्या माहेरचं तुमच्या नळावाचून काही अडलेलं नाही," ही म्हणाली.

तेही खरंच. सांगलीला आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांवर गेली. माझे सासू-सासरे वरच्या मजल्यावर अडकले होते. जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत नदी आणि प्यायला तांब्याभर पाणी नाही! तोवर आमचे सासरे, अण्णा, 'आम्ही कृष्णाकाठचे, आम्हाला काय पाणी मोजायला सांगता!' असं म्हणणारे. त्यानंतर मात्र ते साताऱ्याला आले की चहाच्याही आधी अंगणात जातात आणि दोन्ही हातांनी तो नळ पिळतात. नळ तासभर गप्प बसतो आणि मग पहिल्यापेक्षा जोमाने गळतो.

पण माझा खरा मुद्दा निराळाच होता. समजा, नळ दुरुस्त केला. रोजचे पंधरा लिटर वाचले. ते जाणार कुठे? आमच्या पेठेत पाणी येतं कासच्या तलावाचं, डोंगरावरून उताराने. तेव्हा फार तर कासच्या तलावात पंधरा लिटर शिल्लक राहतील. म्हसवडच्या बाईला त्याचा उपयोग काय? एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुका पाचशेला महाग. ही दोन टोकं जोडायला लागतो तो नळ काही अर्धा इंची नव्हे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला पाणी गेलं ते सांगली जिल्ह्यातून, मिरजेहून, चक्क आगगाडीने. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि एकेकीत पन्नास हजार लिटर. मी लगेच हिशेब केला. एक वाघीण भरायला माझ्या नळाला नऊ वर्षं गळावं लागेल. तोवर ती मिरज स्टेशनात उभी कोण करू देणार? तेव्हा ज्या काटकसरीने कोणाचंच भलं होत नाही, ती न करण्यात पाप कसलं?

या प्रश्नाला घरात कोणाकडे उत्तर नव्हतं. मी खूष होतो.

आई या चर्चेत नसायची. ती आता ऐंशीच्या घरात आहे. माहेर आणि सासर दोन्ही माणातलं. १९७२ च्या दुष्काळात मी चार वर्षांचा होतो. ती मला परातीत उभं करून अंघोळ घालायची, ते पाणी मग धुण्याला आणि धुण्याचं सारवणाला. एका पाण्याचे तीन जन्म व्हायचे. माझं नळाचं तत्त्वज्ञान तिने अर्ध्यावर ऐकलं आणि ती शेंगा निवडायला उठून गेली.

मापाची बादली मी उचलून ठेवली त्यानंतर नळाखाली एक पातेलं दिसू लागलं. सकाळी न्हाणीतल्या बादल्या भरलेल्या असायच्या. मी म्हटलं, चला, ही लावत असेल. हिला वाटलं, मी लावतो. नवरा-बायकोंचं एकमेकांविषयी इतकं चांगलं मत फार दिवस टिकू नये, हेच खरं.

एका रात्री तीनच्या सुमाराला अंगणात पातेलं घरंगळल्याचा आवाज झाला. बाहेर जाऊन पाहतो तो आई शेवाळात बसलेली. उजवं मनगट डाव्या हाताने धरलेलं. दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

"तू कशाला उठलीस गं एवढ्या रात्री?"

"झोप येत न्हाई रं," आई म्हणाली. "पडतंय त्ये ऐकू येतंय."

भरलेली बादली तिला उचलवत नाही, म्हणून तिने पातेलं लावलं. पातेलं अडीच लिटरांचं. पंधराला अडीचने भागा. चोवीस तासांत सहा पातेली, म्हणजे दर चार तासांनी एक. रात्री अकरा, तीन, सात. वाघिणीचा हिशेब केला होता मी. हा नव्हता केला.

त्याच दिवशी दुकानात गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. "वायसर गेला असणार, सर. गळायला लागला की लोक जोर लावून पिळतात, त्याने तो आणखीच चेपतो." मला सांगलीचे अण्णा आठवले. वायसरचे पाच रुपये.

गच्चीवर जाऊन कॉक बंद केला. पान्हा आमच्याकडे होता, म्हणजे तो आहे असं गेली वीस वर्षं घरात सगळे समजत होते. शेवटी शेजारून आणला. नळाची वरची नट फिरवली, दांडा उपसला. त्याच्या बुडाशी काळा पडलेला एवढासा रबर, मधोमध गोल खाच पडलेला. याच्यावर मी आठ महिने बोलत होतो! नवा बसवून कॉक सोडला तर पाणी खालून यायचं थांबलं आणि वरून यायला लागलं. पुन्हा गच्ची. नटेखाली दोरा गुंडाळून पुन्हा पिळली. नळ थांबला. दुरुस्तीला दहा मिनिटं, पान्ह्याला पंधरा.

आठवड्याभरात अळूने माना टाकल्या. वहिनी कुंपणापाशी येऊन त्याच्याकडे पाहून गेल्या. आजाऱ्याला भेटायला येतात तसा त्यांचा चेहरा होता. संध्याकाळी आई डाव्या हातात तपेली घेऊन आली आणि तांदूळ धुतलेलं पाणी तिने सावकाश अळूच्या बुडाशी ओतलं. मग नळाखाली हात धरून पाहिला. कोरडा होता.

"केवढ्याला पडलं त्ये?"

"पाच रुपये."

ती काही बोलली नाही. प्लास्टरकडे तिने पाहिलंसुद्धा नाही; माझंच लक्ष गेलं.

"मग दोन आणायचीस की," आई म्हणाली. "न्हाणीतला बी लागलाय आता."

मी चपला घातल्या.