दोषाचा वाटा

डिचोली तालुक्यातल्या शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला लईराई देवीची जत्रा भरते. व्रत धरलेले हजारो धोंड हातात वेताची काठी आणि गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा घालून येतात आणि उत्तररात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालत जातात. या अग्निदिव्यामागची कथा गोव्यात घरोघरी सांगतात.

सात बहिणी आणि खेतोबा नावाचा त्यांचा एक भाऊ मयेला आले. चूल पेटवायला विस्तव हवा होता, म्हणून केळबाईने भावाला गावात पाठवलं. तो पोरांच्या खेळात रमला. त्याला शोधायला गेलेल्या लईराईने रागाच्या भरात त्याला लाथ मारली आणि मग तिचा जीव कळवळला. भावाने उशीर केला होता, हे खरंच होतं. तरी तिने त्याच्याकडे बोट दाखवलं नाही. निखाऱ्यांवरून चालण्याचं प्रायश्चित्त तिने स्वतः घेतलं. भावाला पाठवणारी मीच, असं म्हणून केळबाईनेही आपला वाटा उचलला. कथेचे पाठ गावोगाव थोडे वेगळे आहेत, पण गाभा हाच. पुढे बहिणी पांगल्या. केळबाई मुळगावात राहिली, महामाया मयेत, मोरजाई पेडणे तालुक्यातल्या मोरजीत. मीराबाई म्हापशाला गेली; तिथल्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीलाच लोक मीराबाई मानतात आणि तिच्या फेस्ताला हिंदूही जातात.

मये आणि मोरजी. याच दोन गावांत वाढलेल्या दोन बहिणींची ही गोष्ट.

त्यांचा बाप खनिजवाहतुकीचा टिप्पर चालवायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा स्थगितीचा आदेश आला आणि कर्ज काढून घेतलेला टिप्पर दारात उभा राहिला. हप्ते मात्र थांबले नाहीत. एके सकाळी तो काम शोधायला म्हणून निघाला, तो परतलाच नाही. कर्जाच्या कागदावर बायकोचीही सही होती. तिने धाकटीला मयेत आपल्या आईकडे ठेवलं, थोरलीला मोरजीत बहिणीकडे, आणि एका म्हाताऱ्या बाईची सेवा करायला ती कुवेतला गेली.

पहिली दोन वर्षं दर शुक्रवारी तिचा फोन यायचा. "पुढच्या चवथीला येते गे बाय," ती म्हणायची. गणपतीची चवथ यायची, ती यायची नाही. मग थोरलीने फोनवर बोलणं सोडलं, आणि आईचाही धीर सुटला. पैसे येत राहिले, आवाज येईनासा झाला. आजी गेली, तेव्हा बाराव्यालासुद्धा ती आली नाही.

दहा वर्षांनी ती मयेच्या घराच्या पायरीवर उभी राहिली. दार धाकटीने उघडलं. "बसा. मामा बाजारात गेलाय," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. पोटच्या पोरीने तिला 'तुम्ही' म्हटलं होतं. आईने कुवेतहून आणलेली सोन्याची साखळी पुढे केली, तेव्हा धाकटीने ती हातात न घेताच मान हलवली.

मोरजीत थोरली अधिक स्पष्ट बोलली. "आमच्या टेंबवाड्यावर कासवी येते, वाळूत अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. तशी गेलीस तू. पिल्लांची राखण गावाने केली."

कासवी दूर राहूनही नजरेने पिल्लांना पोसते, असं कीर्तनात सांगतात. आईने ते लहानपणापासून ऐकलेलं होतं. उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. ते तिने गिळलं. "खरं आहे, बाय. गेले मी. आजीच्या वेळीही आले नाही. चूक माझी आहे," एवढंच बोलून ती उठली आणि म्हापशाच्या बसने निघाली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. मये ते मोरजी म्हणजे म्हापशाला बस बदलून जायचं. कधी थोरली ड्यूटीवर असायची, कधी घरात असूनही बाहेर येत नसे. आई ओसरीवर बसायची, बहिणीला नारळ खवून द्यायची, आणि शेवटची बस चुकायच्या आत निघायची. साखळी तिने पुन्हा कधी काढली नाही.

हे बघून आधी मावशी हलली. एका रात्री ती थोरलीला म्हणाली, "तिचा फोन आला की 'आता कशाला आठवण झाली?' असं मीच तोडून बोलायचे. तुझ्या कानावर तेच पडत गेलं. यात माझंही पाप आहे." तिकडे मयेत मामाने धाकटीला सांगितलं, "तुझ्या कॉलेजची फी तिकडून यायची. मी भरतो असं तुला वाटत होतं, आणि मीही ते वाटू दिलं."

थोरली मोपाच्या विमानतळावर नोकरीला होती. निघणाऱ्यांच्या दारापाशी तिला रोज कोणी ना कोणी आखातात जाणारी बाई दिसायची. त्या दिवशी एकीची चार-पाच वर्षांची मुलगी तिचा पदर सोडत नव्हती. बाईने पोरीच्या मुठीतून पदर एकेक बोट करून सोडवला, तिला सासूच्या कडेवर दिलं आणि आत आली. आत येताच ती भिंतीला टेकली आणि पदर तोंडात कोंबून रडली. निघून जाणाऱ्या आईचं दाराच्या आतलं तोंड थोरली पहिल्यांदाच बघत होती.

त्या वर्षी चवथीला थोरली मयेला आली. घरात माटोळीची घाई चालली होती. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंगं आणि रानातली फळं केवणीच्या दोराने बांधायची असतात. मामा स्टुलावर उभा राहून हाका मारत होता. आई खाली उभी राहून एकेक फळ वर देत होती. गाठ सैल पडून एक घोस निसटायला लागला, तशी धाकटी पटकन म्हणाली, "आई, तू धर, गाठ मी मारते!" 'तुम्ही' कधी गळून पडलं, हे तिचं तिलाही कळलं नाही.

आरत्या आणि फुगड्या आटोपल्यावर थोरलीने विचारलं, "का आली नाहीस?"

विचारल्यावर मात्र आईने सगळं सांगितलं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता, टिप्परचं कर्ज फिटता फिटत नव्हतं, आणि मध्ये सुट्टी घेतली असती तर काम गेलं असतं. मग क्षणभर थांबून ती म्हणाली, "हे सगळं खरं. पण फोन करायला मला पासपोर्ट लागत नव्हता. तुमचा राग ऐकायची भीती वाटली, म्हणून मी गप्प बसले. त्याला कारण नाही, बाय. ते माझंच."

थोरली लगेच गळ्यात पडली नाही. दुसऱ्या दिवशी ती मोरजीला परत गेली. जाताना मात्र म्हणाली, "या रविवारी मीच येते. तू नको धावू."

तुटलेलं नातं जोडताना आपण बहुतेक वेळा कारणांची पोतडी आधी उघडतो. कारणं खरीही असतात. पण ज्याला दुखावलं, त्याच्या कानाला ती बचावासारखी लागतात आणि जखम आणखी चिघळते. म्हणून चूक आधी पदरात घ्यावी, कारण विचारल्यावर सांगावं, आणि तोवर उंबरठ्यावर थांबायची तयारी ठेवावी. भोवतालच्या माणसांनीही केळबाईसारखा आपापला वाटा ओळखावा, कारण घर क्वचितच एकट्याच्या हातून मोडतं. आणि ज्यांना सोडून दिलं होतं, त्यांच्याकडे क्षमा हक्काने मागू नये. ती त्यांना सवडीने देऊ द्यावी. निखाऱ्यांवरून ज्याचं त्यानेच चालायचं असतं. पलीकडच्या माणसाने फक्त वाट अडवू नये, एवढं झालं तरी आई आणि लेकी पुन्हा एका घरात चवथ करू शकतात.