तो बाक तिचा होता

बसा खाली. खुलासे नकोत. काल दुपारी अडीचच्या गाडीच्या वेळी एसटी स्टँडवर बारावीतले चौघे काय करत होते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. जवळ गेलो तर तुमच्यातलाच एक तोंड वर करून म्हणतो, "सर, मोकळी जागा आहे, धूर वर जातो."

ही पळवाट एकेकाळी कायद्यातही होती. ऐका नीट. मुंबईच्या मुरली देवरांनी याचिका लावून धरली, तेव्हा २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे इथली बिडी-सिगारेट बंद केली. २००३ मध्ये संसदेने कायदा केला. पण सार्वजनिक जागेच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळली. मग २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम आले आणि स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बसस्टँड अशा लोकांच्या वर्दळीच्या उघड्या जागाही बंदीत आल्या. तुम्हाला दुधाचे दातही आले नव्हते, तेव्हा बुजवलेली पळवाट आहे ही!

आणि धूर वर जातो म्हणे! शेजारच्या बाकावर एक लेकुरवाळी बसली होती. तिने पदर नाकाला लावला, पोराला उचललं आणि रणरणत्या उन्हात जाऊन उभी राहिली. तुमच्यापैकी एकाचीही मान खाली गेली नाही. धूर आभाळात जायच्या आधी शेजारच्याच्या छातीत जातो, एवढं विज्ञान शिकलात ना? दुसऱ्यांच्या धुरापायी जगात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसं मरतात. त्यांनी कधी काडीसुद्धा ओढलेली नसते.

अठराच्या आतल्याला सिगारेट विकणं गुन्हा आहे. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विकणंही गुन्हाच. टपरीवाल्याकडे मी बघतो. पण त्याच्याकडे बोट दाखवून तुम्ही सुटणार नाही. पैसे कुणाच्या खिशातले गेले? बापाने एसटीच्या पासासाठी दिलेले! लोकांच्या जागेत ओढल्याचा २०० रुपयांपर्यंतचा दंड एखादा भरेलही. त्या पोराच्या छातीत गेलेला धूर परत काढून देईल का?

व्यसन सुटत नसेल तर माझ्याकडे या, एकटे या. रागावणार नाही, दवाखान्यात सोबत येईन. पण लोकांच्या जागेत हे चालणार नाही.

उद्या अडीचच्या गाडीला मी स्टँडवर असेन. ती बाई मला सावलीत, त्याच बाकावर बसलेली दिसली पाहिजे.