घंटा शाळेची, घड्याळ क्लायंटचं

मुळशी म्हटलं की धरण, ताम्हिणीचा पाऊस आणि फार तर सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवतो. हिंजवडी आणि माण याच तालुक्यात येतात, हे पुण्यातल्याही पुष्कळांच्या ध्यानात नसतं. तालुक्याच्या पूर्व टोकाला आयटी पार्कात माणसं थकतात आणि पश्चिमेला धरणाकाठच्या रिसॉर्टात पैसे मोजून थकवा उतरवतात. कंपन्यांचे उपायही याच जातीचे: ध्यानाचं अ‍ॅप, योगदिन, समुपदेशकाचा नंबर. यातलं काही वाईट नाही. पण मनःस्वास्थ्य ही ज्याच्या-त्याच्या सवयींची बाब आहे, हे त्यामागचं गृहीतक मला पटत नाही. स्वतःचा दिवस ज्याच्या हातात नाही, त्यानं सवयी लावायच्या कुठे?

रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की ताण नुसत्या ओझ्याने येत नाही. ओझं फार आणि ठरवायची मुभा थोडी, या जोडीने येतो. लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल पाहणीत मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना कामावरच्या अशा कमी मुभेचा हृदयविकाराशी संबंध आढळला. हिंजवडीत ही मुभा घड्याळात अडकते. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. क्लायंट कॅलिफोर्नियाचा असेल तर रात्रीचे साडेनऊ-साडेदहा. भूमकर चौकातल्या कोंडीत कॉल कसा घेणार? म्हणून तो घरून होतो: एका कानात हेडफोन, समोर मुलाची गणिताची वही, आणि म्यूट करून मधेच ‘हातचा घेतलास का?’ आई-बापाचं जेवण लांबतं, तसं मुलांचं निजणंही.

याचीच दखल राज्याने घेतली, पण अर्धीच. मुलं उशिरा झोपतात आणि त्यांची झोप पुरी होत नाही, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. हेतू चांगलाच. गंमत अशी, की चिमुरड्यांचं शरीर रात्री लवकर पेंगतं; ती जागी राहतात बहुधा घर जागं असतं म्हणून. शरीराचं घड्याळच पुढे सरकतं ते वयात येताना. त्यामुळे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी नकोत असं सुचवलं. सिअ‍ॅटलने २०१६ मध्ये माध्यमिक शाळा ७.५० वरून ८.४५ वर नेल्या, तेव्हा मुलांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली. म्हणजे घंटा हलवून ज्यांचं भलं होतं ते नववी-दहावीवाले आदेशाबाहेर राहिले, आणि ज्यांचं दुखणं आई-बापाच्या ऑफिसात आहे त्यांच्यासाठी घंटा हलली.

यावर ‘मोबाइल काढून घ्या, आपोआप झोपतील’ असं ऐकू येतं. मोबाइल झोप खातो, खरंच. पण सिअ‍ॅटलच्या पोरांकडेही तो होताच. पहाटे उठणाऱ्या शेतकऱ्याचा दाखलाही हमखास येतो, पण तो दिवेलागणीनंतर फार वेळ जागत नसे, हे सोयीने विसरलं जातं. खरी अडचण दोन पाळ्यांच्या शाळांची आणि स्कूलबसच्या फेऱ्यांची आहे. एक पाळी सकाळी भरणारच असेल तर ती धाकट्यांची असावी, असं माझं मत आहे. अर्थात त्यांना वेळेवर निजवता आलं तर.

ती गोष्ट शिक्षण विभागाच्या हाती नाही. मुळशी ज्या बारामती मतदारसंघात येते, तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. असा कायदा आला तर क्लायंट दुसऱ्या देशात जाईल, ही भीती पोकळ म्हणता येणार नाही. पण संध्याकाळचा कॉल असणं वेगळं आणि तो प्रत्येकाला रोज, ऐनवेळी असणं वेगळं. टीममध्ये पाळी लावून कोणत्या दोन रात्री कुणाच्या, हे महिनाभर आधी सांगायला कायदाही लागत नाही, मॅनेजरची एक एक्सेल शीट पुरते.