‘इज’ की ‘वॉज’?

वस्तीतल्या विहारात रात्री पोरांना इंग्रजी शिकवतो. परवा टेन्स चालू होते. फळ्यावर संविधानाच्या कलम १७ ची सुरुवात लिहिली : ‘अनटचेबिलिटी इज अबॉलिश्ड’. एक पोरगं उठलं. म्हणालं, “सर, वाक्य चूक आहे. ‘इज’ म्हणजे वर्तमानकाळ ना? माझा चुलता गटारात उतरतो. वर आला की त्याला पाणी वरनं वततात. मग हे खोटंच की.”

मित्रांनो, हा प्रश्न व्याकरणाचा नाही. मी रात्रभर झोपलो नाही.

इंग्रजीत ‘आय लिव्ह्ड हिअर’ म्हटलं की मी आता इथं राहत नाही. ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ म्हटलं की अजून राहतोय. जातीबद्दल प्रस्थापित माणूस पहिल्या काळात बोलतो, “पूर्वी होतं हो तसलं.” आपली माणसं दुसऱ्या काळात जगतात.

मग घटनेत ‘वॉज’ का नाही? तसं असतं तर तो इतिहासाचा धडा झाला असता. ‘विल बी’ असतं तर मतं मागायला येणाऱ्याचं आश्वासन. ‘इज’ ही बातमी नाही, हुकूम आहे. अंपायर बोट वर करतो आणि गडी बाद होतो. गडी क्रीज सोडत नाही म्हणून अंपायर खोटा ठरत नाही, गडी दोषी ठरतो. २६ जानेवारी १९५० पासून ते बोट वर आहे. गडी हटेना, म्हणून १९५५, १९८९, २०१३ असे पुन्हा पुन्हा कायदे करावे लागले.

पण त्या वाक्यात एक जागा रिकामी आहे. पॅसिव्हमध्ये कर्ता गाळता येतो. ‘बाय’च्या पुढं कोण? पेपरवालेही तेच करतात : ‘गटारात गुदमरून कामगाराचा मृत्यू’. त्याला उतरवलं कुणी? कर्ता गायब. कर्ता गेला की गुन्हा अपघात होतो, आणि अपघाताला कुणी जबाबदार नसतं.

दुसऱ्या दिवशी पोराला सांगितलं, “वाक्य बरोबर आहे गड्या. अमलात आणणारा अजून मिळायचाय. तो तू आहेस, मी आहे, आणि ज्यांच्या हातात सत्ता आहे तेही आहेत. त्यांना सुटू द्यायचं नाही. चुलत्याला उतरवणाऱ्या ठेकेदाराची फिर्याद लिही. साध्या वाक्यात लिही. कर्ता पहिला.”

पोरगं वही घेऊन बसलंय.