अपेक्षाभंग

अपेक्षाभंग झाला म्हणजे दोष कोणाचा? देणाऱ्याचा, करणाऱ्याचा, की अपेक्षा बाळगणाऱ्याचा? प्रश्न मोठा खरा. पण माझ्यापुढे तो एका पोरखेळाच्या निमित्ताने आला, तेव्हा वाचकांनी थोडे सांभाळून घ्यावे.

१९८९ साली आम्ही भाईंदर पूर्वेला दोन खोल्यांत राहत होतो. दिवाळीला मामा आखातातून सुट्टीवर आले. माझ्यासाठी त्यांनी अटारीचा जुना व्हिडिओ गेम आणला होता. टीव्हीला जोडायचे यंत्र, दोन जॉयस्टिक (त्यांतली एक मोडकी) आणि एकच कॅसेट : ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’. हा १९८१ चा चित्रपट मी शेजाऱ्यांकडे व्हिडिओवर पाहिला होता. घरंगळत येणारा प्रचंड धोंडा, भुयारातले साप, नायकाचा तो चाबूक! आता हे सारे आपल्या हातात येणार म्हणून त्या रात्री मला झोप आली नाही.

पडद्यावर दिसला तो चौकोनी ठिपक्यांचा एक माणूस आणि एक वळवळती रेघ. ती रेघ म्हणजे साप. माणूस हिंडे, वस्तू उचली, साप चावला की मरे. पुढे काही घडेचना. तिसऱ्या दिवशी फराळाला जमलेल्या सगळ्यांदेखत मी म्हणालो, “मामा, अगदी भिकार गेम आहे. कोणीतरी फसवलं तुम्हाला.” मामा हसले. आईने मात्र मला डोळ्यांनीच दटावले.

पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला. हा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या गृहस्थाने १९८२ साली रचला. त्यात उजव्या जॉयस्टिकने नायक चालतो आणि झोळीतली वस्तू निवडायची ती डाव्या जॉयस्टिकने. झोळीतला बॉम्ब काढून भिंतीशी ठेवला म्हणजे भिंत फुटते आणि देवळाची वाट मोकळी होते. सोबतच्या पुस्तिकेवाचून हे कळणे कठीण, आणि आमच्याकडे ना पुस्तिका, ना दुसरी जॉयस्टिक. त्या यंत्राची कामापुरती स्मरणशक्ती होती १२८ बाइट. आजच्या संगणकी लिपीत हे एवढे वाक्यही तीत मावायचे नाही. तेवढ्यात त्या माणसाने बाजार, देऊळ, साप नि चोर बसवले होते, आणि मी त्याला भिकार म्हणून मोकळा झालो होतो!

म्हणून प्रत्येक अपेक्षाभंग आपलाच दोष, असे मी म्हणणार नाही. याच वॉर्शॉला पुढे ‘ई.टी.’ चित्रपटावरचा खेळ नाताळच्या बाजारासाठी सुमारे पाच आठवड्यांत करून द्यावा लागला. (दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र येते तेव्हा मलाही एवढीच मुदत असते, पण माझ्या लेखावाचून कोणाची दिवाळी अडत नाही.) तो खेळ पुस्तिका हाती असलेल्यांनाही रुचला नाही. न खपलेला माल १९८३ साली न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला गेला आणि २०१४ साली तो उकरून काढला. तिथे पोरांची तक्रार खरी होती. आईबापांनी पैसे मोजले होते आणि घाई दुसऱ्याच कोणाची होती. वॉर्शॉ पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाला, हे वाचून मला का कोण जाणे बरे वाटले.

शाळेत उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढताना हल्ली माझा हात कधीकधी थबकतो. या पोराच्या हाती एकच जॉयस्टिक असेल काय? नेहमी थबकतो असे नाही. गठ्ठे मोठे असतात.

मामा आता वसईला असतात. गेल्या भाऊबीजेला ते आईकडे आले होते, तेव्हा धीर करून मी त्यांना सगळे सांगितले. ऐकून घेऊन ते जरा वेळाने म्हणाले, “एक मोडकी होती म्हणूनच तर मला परवडला तो. म्हटलं, पोरगं एकटंच आहे, एक पुरेल.”