केलं नाही, केलं!

सकाळी नात स्वयंपाकघरात आली आणि फळांच्या टोपलीकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, केलं दे." अडीच वर्षांची आहे, ळ अजून जिभेवर आलेला नाही. तिचा तो शब्द इतका गोड वाटला की मीही तसाच म्हटला, "घे केलं." तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. कपाळाला आठी घालून, एकेक अक्षर दाबत म्हणाली, "केलं नाही, केलं!" मी "बरं बाई, केळं घे" म्हटलं, तेव्हा कुठे तिचा चेहरा निवळला.

तिचं ते हात मागे घेणं दिवसभर माझ्या मनातून गेलं नाही. ळ तिच्या तोंडात नाही, पण कानात पक्का बसला आहे. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अभ्यासकांनी १९६० साली असाच एक मुलगा नोंदवून ठेवला आहे. तो आपल्या खेळण्यातल्या माशाला 'फिश'ऐवजी 'फिस' म्हणायचा. मोठ्यांनी 'फिस' म्हटलं की मात्र ऐकून घ्यायचा नाही. कुठे अमेरिकेतला तो मासा आणि कुठे ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातलं आमचं केळं! पण हट्ट तोच.

कान तर त्याच्याही कितीतरी आधी तयार होतो. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे, आणि त्यात आवाज होते आपल्या ओळखीचे, हिंदीतले त आणि ट. इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हा फरक ओळखत होती. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तो ओळखणं जड जात होतं. आणि वर्षाची होईतो बहुतेक बाळांनीही तो सोडून दिला होता, कारण त्यांच्या घरात तो कुणाला लागतच नव्हता. मूल भाषा उचलतं असं आपण म्हणतो. ते उचलता उचलता बरंच खाली ठेवतही असतं.

म्हणून मला या ळची काळजी. आमच्या दाराबाहेर तो नाही. भाजीवाल्याकडे 'केला', गल्लीत 'काला', शाळेत 'बाल'. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी १८१० साली इथे स्थिरावली, त्यावरूनच या भागाला लष्कर म्हणतात. तेव्हापासून ग्वाल्हेरच्या मराठी घरांत उंबऱ्याच्या आत एक भाषा आणि बाहेर दुसरी, असं चालत आलं आहे. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली याच संस्थानातल्या श्योपुरात जन्मले, मराठी घरात वाढले आणि हिंदीतले थोर कवी झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत कविता लिहीत राहिले. एकाच आईचं बोलणं ऐकलेले दोघे!

आणि तरी हल्ली आमच्याच नात्यागोत्यात ऐकते, "लहान आहे तोवर मराठी नको, शाळेत गोंधळ होईल." मला हे ऐकून फार वाईट वाटतं. आमची सून भिंडकडची, तिची भाषा हिंदी. नात तिच्याशी हिंदी बोलते आणि तोंड माझ्याकडे वळलं की मराठी. मधे श्वाससुद्धा घेत नाही. परवा मी खोलीतून हाक मारली तर आईला सांगत होती, "मम्मी, आजी बुला रही है," आणि मला, "आजी, आले!" माणसामाणसाची भाषा तिनं वेगवेगळ्या खुंटीवर टांगून ठेवली आहे. कधी एकीचा सदरा दुसऱ्या खुंटीवर जातो. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, म्हणून "माझी पुस्तक" म्हणते. मी "हो, तुझं पुस्तक आण, वाचू या" म्हणते आणि पुढे जाते. पूर्वी मुलाच्या वेळी मी प्रत्येक शब्द सुधारून पुन्हा म्हणायला लावायची. तो गप्पच बसायचा.

पुढे जायला मी तिच्याच चुकांमुळे शिकले. "मी करलं," "बाबा जाला" असं ती म्हणते. हे आमच्या घरात कधीच कुणी म्हटलेलं नाही, मग आणलं कुठून? तर तिनं ते स्वतः घडवलं. बस-बसला, हस-हसला ऐकून आतल्या आत नियम बांधला आणि कर-करला, जा-जाला असा चालवला. व्याकरणाचं पुस्तक तिला उलटं धरलेलं आणि सरळ धरलेलं सारखंच. म्हणजे सध्या तिच्या मराठीत 'केलं' हे फळ आहे आणि काम झालं की ते 'करलं'! या चुका मी वहीत लिहून ठेवते आहे. वर्षभरात त्या जातील आणि मग कितीही वाटलं तरी ऐकायला मिळणार नाहीत.

शेजारच्या एका आईनं विचारलं, "मोबाईलवर मराठी गाणी लावून दिली तर येईल ना?" पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नेमकं हेच तपासलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस बसून खेळत, वाचत बोलला, त्या बाळांना चिनी आवाज ओळखता आले. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तर काहीच पदरात पडलं नाही. मी तिला म्हटलं, गाणी लाव, पण मांडीवर घेऊन तूही म्हण.

काल संध्याकाळची गोष्ट. हिंदीत एका 'हम'मध्ये सगळे मावतात. इकडच्या बोलण्यात 'अपन' आहे, तो थोडा जवळ येतो. मराठीत मात्र समोरच्याला धरून 'आपण' आणि सोडून 'आम्ही'. हा भेद तिला समजावून सांगायचा म्हटलं तरी मला जमलं नसतं. मुलगा स्कूटर काढून फाटकाशी उभा होता. नात उलटेसुलटे बूट घालून पायरीवर आली, बाबाकडे बघून म्हणाली, "आपण भूर जाऊ." मग वळली, मी दारात उभी होते. मला हात हलवून म्हणाली, "आजी, आम्ही चाललो."

"या लवकर," मी म्हटलं, आणि वही शोधायला आत आले.